हिरवा चौकोन

३ मार्च, सोमवार

आले एकदाची! एक ट्रंक, दोन पिशव्या, एक उशी आणि मी. बसमधून उतरले तर ताई समोरच उभी, गळ्यात मापाची टेप तशीच. घाईत काढायची राहिली म्हणाली. मला माहीत आहे, ती टेप काढतच नाही. झोपताना तरी काढते की नाही, शंकाच आहे.

ताईचं घर म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल आणि लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे. आतली खोली आजपासून माझी. एक खाट, गजांची खिडकी, भिंतीवर आरसा. दाराची कडी एकाच स्क्रूवर लोंबकळते आहे. दोन वर्षं झाली, बसवून घेऊ बसवून घेऊ म्हणतेय, असं ताई हसत हसत म्हणाली. आमच्याकडे चोरी करायला येणार कोण, ब्लाउजपीस न्यायला?

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची आणि ताई अठराची. तिनंच मला वाढवलं. माझे केस तीच कापायची, फ्रॉक तीच शिवायची. अंगावर कपडा बेतताना तोंडात टाचण्या धरून एकच वाक्य: चिमणे, हलू नकोस. आज चहा प्यायच्या आधीच तिनं माझी मापं घेतली, ऑफिसला दोन नवे ड्रेस हवेत म्हणून. मला गुदगुल्या झाल्या आणि मी हलले, तर डोक्यात टपली. चौतीस वर्षांच्या बाईला टपली!

कापड कापायची तिची एक शिस्त आहे. आधी खडूनं खूण करायची, आणि खूण झाली की लगेच कात्री चालवायची. मध्ये विचार करायचा नाही. विचार करत बसलं की हात थरथरतो आणि कापड वाया जातं, असं ती म्हणते. मी बरोबर उलटी, आधी कापते आणि मग रडते. म्हणून तर ती शिवते आणि मी कारकुनी करते.

४ मार्च, मंगळवार

नव्या नोकरीचा प्लायवूड कारखाना पाहिला. लाकडाचे ओंडके एका बाजूनं आत जातात, प्लायवूड दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं. मधल्या भागात नुसता धडधडाट. ओंडका फिरत राहतो, लांबलचक पातं त्याला सोलत राहतं आणि कागदासारखा पातळ थर निघत जातो. ते यंत्र चालवणारा इतका उंच आहे की सगळे त्याला लांब्याच म्हणतात. थरांना सरस लावायला एक बाई आहे, सरसवाली. बोलायला जी लागली ती थांबेना. पहिल्या दहा मिनिटांत तिनं तिच्या सुनेचे सगळे गुन्हे मला सांगून टाकले.

प्रेसजवळची रीत मला फार आवडली. प्रेस म्हणजे दोन तापलेले लोखंडी पाट, एक वर, एक खाली. चौघं जण मध्ये थर सरकवतात, मुकादम वाकून शेवटची नजर टाकतो, मग पाचही जण मागे होऊन दोन्ही हात वर करतात. प्रेसवाला उंच ओट्यावर असतो. त्या गोंगाटात हाक ऐकू येणं शक्यच नाही, म्हणून तो हात मोजतो. पाच जोड्या दिसल्या की दांडा ओढतो. लांबून पाहिलं तर वाटतं, कुणीतरी यांच्यावर बंदूक रोखली आहे. मुकादम अभिमानानं म्हणाला, एकोणीस वर्षांत या प्रेसनं कुणाचं नखसुद्धा खाल्लं नाही.

माझं पहिलं काम ठरलं. सगळ्या सदतीस जणांची नवी ओळखपत्रं करायची. फोन फाटकावरच ठेवून घेतात, कारण मागे एकजण फोनवर बोलता बोलता यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेला. त्यामुळे साहेबांनी सांगितलं, एखादा लहानसा स्वस्त कॅमेरा घ्या, फार डामडौल नको.

५ मार्च, बुधवार

घेतला कॅमेरा! बाजाराच्या टोकाला जुन्या रेडिओ-घड्याळांचं दुकान आहे, जाड भिंगांचा चष्मेवाला चालवतो. नवे कॅमेरे त्याच्याकडे होते, पण हा कोपऱ्यात पडलेला पाहिला आणि माझा जीव जडला. चंदेरी, साबणाच्या वडीएवढा. खोका नाही, पुस्तिका नाही, साधे दोन सेल. चालू केला की भिंग कासवाच्या मानेसारखं बाहेर येतं. वापरलेला आहे, म्हणून तर इतका स्वस्त. चष्मेवाल्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, हा सेल फार खातो. दोन, तो स्वतःच माणूस शोधतो. बटण अर्धवट दाबलं की पडद्यावर हिरवा चौकोन येतो, पीक करून वाजतो, मग पूर्ण दाबायचं.

घरी येऊन आधी ताईवर प्रयोग. ती मशीनवर बसलेली, तोंडात टाचण्या, कपाळावर आठी. चौकोन चेहऱ्यावर यायला हवा, तर आला गळ्यावर, बरोबर मधोमध. मी हसले. टेपवरचे आकडे त्याला चेहऱ्याहून जास्त आवडलेले दिसतात. ताईनं फोटो पाहिला आणि म्हणाली, माझी हनुवटी दुहेरी कधी झाली? नंतर फोटो उघडला तरी चौकोन त्यावर दिसतो, कागदावर छापताना मात्र येत नाही म्हणे. म्हणजे ओळखपत्रांना धोका नाही.

मग आरशात माझा स्वतःचा काढून पाहिला. चौकोन येईचना. पडदाभर शोधत फिरला आणि विझला. कॅमेऱ्यालाही मी आवडले नाही! चित्र मात्र झकास येतं, रंगही छान. या पैशांत याहून चांगला मिळणार नाही, हे मी छातीठोकपणे लिहून ठेवते.

६ मार्च, गुरुवार

दिवसभर फोटो. ऑफिसच्या पांढऱ्या भिंतीपुढे एकेकाला उभं केलं. चौकोनाची लहर सांभाळताना हसून हसून पोट दुखलं. लांब्या कान खाजवत होता, तर चौकोन त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर. करवतवाल्याच्या डाव्या गालावर. सरसवालीच्या डाव्या डोळ्यावर. मुकादमानं छाती फुगवून पोझ दिली, तर चौकोन त्या छातीवर. मी प्रत्येकाला त्याचा चौकोन दाखवला आणि सगळे आपापल्या फोटोवर खूश झाले. आता मला कार्डबाई म्हणतात. दोन दिवसांत टोपणनाव पडलं म्हणजे माणसांनी आपल्याला घेतलं, असं ताई म्हणाली.

७ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते लिहिते.

सकाळी मी लांब्याला त्याचं कार्ड द्यायला गेले. त्यानं एका हातानं कार्ड घेतलं आणि दुसऱ्यानं ओंडक्यावर चिकटलेली सालीची चिंधी ओढायला गेला. रोज शंभरदा करत असेल. या वेळी चिंधी आली नाही, हातच गेला. थर बाहेर येत राहिला, पांढरा, पांढरा, आणि मग लाल. कुणीतरी यंत्र बंद केलं. तो हात छातीशी धरून माझ्याकडे पाहत होता आणि त्या हाताला अंगठा सोडून काही नव्हतं. मुकादम गुडघ्यांवर बसून भुशात बोटं शोधत होता. तीन सापडली.

त्याचं नवं कार्ड माझ्या पायाशी पडलं होतं. मी ते उचलून पुसलं. का पुसलं, माहीत नाही. ताईनं मला रात्री लहानपणीसारखं कुशीत घेतलं, तेव्हा कुठे रडू आलं.

८ मार्च, शनिवार

आज करवतवाला. करवतीचा एक दात तुटून उडाला आणि त्याच्या डाव्या गालातून आत शिरून दाढेत रुतला. तो तोंड उघडायचा आणि गालातल्या भोकातून वाफ आणि रक्त बाहेर यायचं. सरसवालीनं आपला पदर त्या भोकात कोंबला. मी तिथेच, चार हातांवर.

डावा गाल.

ऑफिसमध्ये येऊन कॅमेरा उघडला. लांब्या, बोटं. करवतवाला, डावा गाल. दोन्ही फोटो पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहिले. मग स्वतःलाच दटावलं की कारखाना आहे, पाती आहेत, होतं असं. पण मुकादमच म्हणतो, पट्ट्यातल्या त्या अपघातानंतर सहा वर्षांत इथे टाका घालण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

आणि ताईचा गळा.

९ मार्च, रविवार

सकाळीच चष्मेवाल्याकडे गेले. तो दुकान झाडत होता. कॅमेरा कुणाचा, असं विचारल्यावर झाडू बाजूला ठेवून सांगू लागला. एक माणूस आला, कॅमेरा टेबलावर ठेवला, पैसे नकोत म्हणाला. घरी आता फोटो काढायला कुणी उरलं नाही, एवढंच बोलला आणि गेला. मी परत देऊ लागले तर चष्मेवाल्यानं हात पाठीमागे बांधले. एकदा विकलेलं घेत नाही म्हणाला.

घरी येऊन कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून पाहिलं, तरी कॅमेरा चालू झाला. त्याच्या स्वतःच्या पोटात थोडी जागा असते, तिथे जुने चौदा फोटो होते. सगळे एकाच बाईचे, एकाच खुर्चीत. पहिल्यात ती हसते आहे, चौकोन मानेवर. दुसऱ्यात वैतागली आहे, चौकोन कपाळावर. मग छाती, पोट, पुन्हा मान. सातव्यापासून ती रडते आहे. दहाव्यात तिचे हात खुर्चीला बांधलेले. तेराव्यात चौकोन पायाच्या करंगळीवर. चौदाव्यात नुसती खुर्ची.

तासभर ते फोटो पुढेमागे केले. मग कळलं, तो माणूस काय करत होता. पुन्हा फोटो काढला की चौकोन हलतो. तो चौकोन हलवत हलवत करंगळीपर्यंत घेऊन गेला. शहाणा माणूस. बायको नंतर सोडून गेली असेल, असं बांधलं तर कोण राहील?

ताईला काही बोलले नाही. आधी खात्री करायला हवी. घाई केली आणि चौकोन गळ्यापेक्षा वाईट जागी गेला तर? पण गळ्यापेक्षा वाईट जागा कुठली?

१० मार्च, सोमवार

सरसवालीला म्हटलं, तुमचा फोटो हलला, परत काढू. ती केस सावरायला लागली आणि चौकोन डोळ्यावरून उठून तिच्या उजव्या मनगटावर बसला. पीक. मी बटण दाबलं.

जेवणाच्या सुट्टीआधी उकळत्या सरसाची बादली कलंडली आणि तिच्या उजव्या मनगटावर ओतली गेली. सरस पाण्यासारखा ओघळत नाही, चिकटून बसतो. तिनं दुसऱ्या हातानं ओढून काढला, तर बांगड्यांबरोबर कातडीही हातमोज्यासारखी निघून आली. ती किंचाळत होती आणि मी फक्त तिचे डोळे पाहत होते. दोन्ही धड होते.

माझा जीव भांड्यात पडला. हे मी जसंच्या तसं लिहिते. मला आनंद झाला. चौकोन हलतो.

११ मार्च, मंगळवार

हे लिहायला नको. पण मी नाही लिहिलं तर कुणाला कळणार?

रात्रभर वाटत होतं, फक्त ताईला वाचवायचं आणि बाकीच्यांना सोडून द्यायचं, हे बरोबर नाही. यादी केली. छाती, कपाळ, मान असलेले अकरा जण. ठरवलं, आधी त्यांचे फोटो पुन्हा काढायचे आणि चौकोन बोटांवर आणायचे. सगळ्यांत आधी प्रेसवरचे, कारण मुकादमाची छाती होती. साहेबांना सांगितलं, कागदावर काळपट आलेत.

प्रेसपाशी चौघं जण थर सरकवून उभे होते. मुकादम कुठे विचारलं तर येतोय म्हणाले. म्हटलं, तोवर तुमचेच काढू. चेहऱ्याजवळ बोटं असली तर चौकोन बोटं धरेल, म्हणून त्यांना हात वर करायला सांगितलं. गोंगाटात त्यांना ऐकू येईना. मी कॅमेरा मनगटाला लटकवला आणि माझे दोन्ही हात वर करून दाखवलं, असे, असे. ते हसले आणि त्यांनी हात वर केले.

पाच जोड्या झाल्या.

मुकादम प्रेसच्या आत होता. पलीकडच्या बाजूनं छातीपर्यंत आत शिरून दुमडलेला थर सरळ करत होता. प्रेसवाल्याला ओट्यावरून तो दिसत नाही. त्याला हात दिसतात. त्यानं मोजले.

खालचा पाट वर उचलला गेला. आधी आवाज आला, ओली फांदी मोडल्यासारखा, एकामागून एक. मग त्याचे पाय बाहेर नाचायला लागले. पाट तापलेला होता. वास आला. चौघं जण हात वर केलेलेच उभे होते, मीही. हात खाली घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. प्रेसवाल्यानं दांडा उलटा ओढला, तेव्हा वरच्या पाटाला काय काय चिकटून राहिलं, ते

नाही. ते नाही लिहिणार.

छाती. एकोणीस वर्षं आणि छाती.

१२ मार्च, बुधवार

कारखाना बंद. चौकशीला माणसं आली. कुणी काय केलं विचारलं. चौघांनी सांगितलं, कार्डबाई फोटो काढत होती. प्रेसवाला नुसता पाचपर्यंत मोजतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी ताईला सगळं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. म्हणाली, डोळ्यांदेखत माणूस गेला, डोकं फिरणारच, चार दिवस झोप. मी कॅमेरा पुढे केला तर तिनं तो कपाटात टाकला आणि पुन्हा मशीनवर बसली. मशीनची सुई खाली-वर, खाली-वर. टेप गळ्यात. मी टेप ओढून काढली. ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली.

कॅमेरा जाळून टाकावा असं वाटलं. पण जाळला आणि चौकोन तिच्या गळ्यावर तसाच राहिला तर? मग हलवायचा कशानं?

१३ मार्च, गुरुवार

काढले. ती कापड बेतत होती, मी कपाटातला कॅमेरा घेऊन समोर बसले आणि फोटो काढत राहिले. तिला वाटलं, माझं मन रमतंय, काढू दे.

गळा. गळा. कपाळ. गळा. डावी बाजू, छातीची. सेल संपले. धावत जाऊन नवे आणले. गळा. पोट. गळा. हा मला खेळवतोय का?

एकविसावा. डाव्या हाताचा अंगठा. कापडावर टेकलेला अंगठा, त्यावर हिरवा चौकोन, पीक. मी कॅमेरा झटकन बंद केला. आता पुन्हा काढायचा नाही, काही झालं तरी नाही.

अंगठा! मी नाचले. ताई हसली. म्हणाली, चिमणे, बरं वाटतंय ना आता?

१४ मार्च, शुक्रवार

अजून काही झालं नाही.

लांब्याचं एका दिवसात झालं, सरसवालीचं चार तासांत. मग ताईचं का नाही? तिनं भाजी चिरली, मी सुरीकडे पाहत राहिले. तिनं दार लावलं, मी मधे हात घातला. तिला वाटेत कुठे झालं तर? रस्त्यावर? गाडीखाली? अंगठ्यापासून सुरू झालं आणि पुढे हात, खांदा — लांब्याचीही बोटंच होती, पण यंत्र बंद केलं नसतं तर? यंत्राला कुठे थांबायचं ते कळत नाही. माणसाला कळतं.

घरात झालं तर? ओळखीच्या हातानं, छोटंसं. एक जखम. रक्त आलं की झालं, चौकोनाचं भागलं.

खूण झाली की विचार करायचा नाही. तीच म्हणते.

१५ मार्च, शनिवार, सकाळ

ताईला समजावलं. रडून, पाया पडून. एक नुसता चरा, ताई, घरच्या हातानं झालेलं बरं. ती घाबरली. मला घाबरली! दाराकडे जायला लागली. बाहेर रस्ता, गाड्या —

मी मोठी कात्री घेतली. फक्त टोक टेकवणार होते. तिचा हात टेबलावर दाबला. ती जोरात हिसकायला गेली आणि मी मूठ आवळली. कालच धार लावून आणली होती तिनं. मध्ये काहीतरी टणक लागलं, मग गेलं.

अंगठा ब्लाउजपीसवर पडला. फिक्या पिवळ्या. खाली खडूची खूण होती.

तिनं अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रक्त भिंतीपर्यंत उडत होतं. मी अस्तराचं कापड गुंडाळलं, घट्ट, आणि सांगत राहिले, झालं ताई, संपलं, आता तू वाचलीस.

तिनं फोटो पाहायला मागितला. मी दाखवला. अंगठा, चौकोन. लांब्या, करवतवाला, सरसवाली, मुकादम, सगळे दाखवले. ती एकेक पाहत राहिली, पांढरीफटक. मग मान हलवली. तिला पटलं. शेवटी पटलं.

डॉक्टरांकडे नेते म्हटलं. तोंड धुऊन येते, हातांना फार

१५ मार्च, शनिवार, थोड्या वेळानं

आतल्या खोलीत आहे. कडी लावली आहे.

तोंड धुऊन आले तर ताई खुर्चीत. कॅमेरा उजव्या हातात. म्हणाली, चिमणे, तुझा कुणीच काढला नाही. हलू नकोस.

पीक.

माझ्यावर. आरशात मीच धरला होता म्हणून आला नव्हता, आता तिनं धरला होता —

कुठे विचारलं. ताई माझ्याशी कधी खोटं बोलत नाही. गळ्यावर म्हणाली.

परत काढ म्हटलं. परत काढ, परत काढ! तिनं बटण दाबलं. भिंग आत गेलं. सेल संपले. एकवीस फोटो मीच —

दुपारी

गजांतून हाका मारल्या. खाली सायकलवाला नाही. शनिवारी दुपारी बंद.

दाराबाहेर ती बोलते आहे. हळू. माझे केस कापताना बोलायची तशी. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणते, बाहेर कुठेतरी होईल, गाडीखाली, यंत्रात, कुठे थांबायचं ते त्यांना कळत नाही. मला कळतं. एक नुसता चरा, चिमणे. घरच्या हातानं झालेलं बरं.

माझेच शब्द.

खुर्चीतली बाई करंगळीनं मेली नसणार. त्यालाही वाटलं असेल, छोटंसं —

ती दार ढकलते आहे. जोरात नाही. खांद्यानं, थोडं थोडं. एका हातात कात्री असणार, दुसऱ्यात तर

ताई, तुझा हात थरथरेल. डाव्याला अंगठा नाही, मला धरणार कशी? नीट धरता येणार नाही तुला, ताई, ऐक —

म्हणते, खूण झाली की विचार करायचा नाही.

स्क्रू पडला. खाटेखाली गेला.

तिनं टेप पुन्हा गळ्यात घातली आहे. रडते आहे. म्हणते, मान जरा वर कर, हलू न